दरीची बाजू

लाद्या फुटायला लागल्या तेव्हा घरात आधी कोणी गाडीचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपचं नाव काढलं नाही. आधी दोरीला दोष दिला, मग लाद्यांखाली अंथरायच्या पेंढ्याला, मग खाणीतल्या दगडाला. यंदा दगडच ठिसूळ लागलाय, असं धाकटा म्हणाला आणि थोरल्यानं मान डोलावली. दगडाला दोष दिलेला बरा असतो, तो उलटून बोलत नाही.

खाण डोंगरावर होती आणि लाद्यांचं गोदाम खाली, मोठ्या रस्त्याला लागून. मधला रस्ता डोंगराच्या कुशीला चिकटून, वळणं घेत उतरायचा. उतरताना ड्रायव्हरच्या हाताला दरी. त्या रस्त्यावर ज्यांचं पोट होतं अशा घरांतलं हे एक घर. थोरल्यानं उमेदीची सगळी वर्षं पिकअपच्या सीटवर काढली आणि त्या बदल्यात गाडीनं त्याचे मणके खाल्ले. आता गाडी धाकटा चालवायचा. लाद्या चढवायला-उतरवायला त्याची बायको, धाकटी, सोबत जायची. थोरला कंबरेला रुंद पट्टा आवळून दारातल्या खाटेवर बसायचा आणि गाडीच्या आवाजावरून ती कुठल्या वळणावर आहे ते सांगायचा. चालवणं गेलं होतं, पण कारभार सुटला नव्हता. आईबाप लवकर गेले, धाकट्याला त्यानंच खांद्यावर खेळवून वाढवलं, त्यामुळे धाकटा त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, कधीकधी म्हणायची की दीर माझा गुणाचा आहे, फक्त त्याचं डोकं त्यानं भावाकडे ठेवायला दिलंय आणि परत मागायचं विसरलाय.

यंदा उन्हाळा लांबला होता आणि रस्त्यावर रोलर फिरलाच नव्हता. दरवर्षी खाणीचा मालक कुरकुरत का होईना रस्ता सारखा करून द्यायचा. यंदा त्यानं हात वर केले. अवजड गाड्यांनी रस्त्याचा पार पन्हळी पत्रा करून टाकला. त्यावरून भरलेली पिकअप उतरायला लागली की तिच्या पोटातले नटबोल्ट एकमेकांना शिव्या देत उतरायचे आणि मागच्या लाद्या दातखीळ बसल्यासारख्या कडकड वाजायच्या.

गोदामाचा मालक ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उभ्या लादीवर टिचकी मारायचा, आवाज बद्द आला की नुसतं बोट दाखवायचा. धाकट्यानं ती लादी उचलून बाजूला ठेवायची. पुन्हा टिचकी, पुन्हा बोट. हमाल विड्या ओढत हे बघत उभे असायचे. शेवटी तो म्हणायचा, कचरा इथे ठेवू नका, आणि मग नवरा-बायको दोघं मिळून तेच फुटके तुकडे गाडीत परत भरायची. घरासमोर तुकड्यांचा ढीग वाढत चालला. हे सगळे जुळवले तर घराला फरशी होईल, नाहीतरी आपल्या नशिबात सगळं तुकड्यातुकड्यांतच येतं, असं थोरली म्हणाली.

एका दुपारी धाकटा परत आला तो जेवायलाच बसेना. हाताच्या रेषांत दगडाची पूड भरलेली, तसाच उंबऱ्यावर टेकला. शेवटी धाकटीनं सांगितलं. पुढची खेप अशीच आली तर दुसरी गाडी बघतो, असं मालक म्हणाला होता. आणि ते धाकट्याला नाही, धाकट्याच्या समोर हमालाला म्हणाला होता.

थोरला खाटेवरून उठला, भिंत धरून गाडीपाशी गेला. मागच्या फाळक्यावर दोन्ही हात टेकून त्यानं सगळा भार टाकला आणि सोडून दिला. गाडी खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली, आणि हो-हो म्हणत मान डोलावत राहिली. चांगल्या गाडीनं एकदा खाली जाऊन गप उभं राहायचं असतं. थोरला पुढच्या बाजूला गेला, तिथेही तेच. धाकट्यानं खाली घुसून पाहिलं. चारही शॉकअपचं तेल गळून गेलं होतं आणि त्यावर धुळीची काळी साय धरली होती.

"मेलेत," तो खालूनच म्हणाला.

"मग दगडाला कशाला शिव्या देत होतो आपण?" धाकटी म्हणाली. थोरल्याला ते लागलं. पहिली शंका त्याला यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो भोंग्याच्या गाडीतून बाजारात गेला. भोंग्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. प्रत्येक वळणाला, प्रत्येक माणसाला, झाडावर बसलेल्या पाखरालाही तो हॉर्न द्यायचा. खाणीच्या रस्त्यावर त्याचीही पिकअप चालायची. वाटेत थोरल्यानं त्याला अडचण सांगितली. चार चांगले शॉकअप घ्यावेत एवढी ऐपत नाही. भोंगा म्हणाला, चार लागतात कुणाला? दरीची बाजू कर.

थोरल्याच्या मनातही तेच होतं. त्या रस्त्यावर दरीची बाजू आधी, हा नियम बोलता येणाऱ्या प्रत्येकाला पाठ होता. दोरीची गाठ मारायची ती आधी दरीच्या बाजूला. नवा टायर आला की तो दरीच्या बाजूला, झिजलेला डोंगराच्या बाजूला. माणसाला बसवायचं डोंगराकडे. चढताना दरी दुसऱ्या हाताला येते हे खरं, पण चढताना गाडी रिकामी असते, आणि रिकाम्या गाडीला कोण हिशेबात धरतं? या नियमानं त्या रस्त्यावर पुष्कळ जीव राखले होते. म्हणून तो कुठवर लागू आहे आणि कुठून पुढे नाही, हे तपासायची कुणाला गरज वाटली नव्हती.

दुकान अरुंद होतं आणि वरपर्यंत खोक्यांनी भरलेलं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्यानं गाडीचं नाव विचारलं, वर्ष विचारलं, आणि काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर तीन शॉकअप आडवे ठेवले. एक नामी कंपनीचा. दुसरा नवा, पण कुणी केला ते त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि तिसरा जुनाच, तेल भरून, वेल्डिंग मारून, वर काळा रंग फासलेला.

थोरल्यानं तिसऱ्याला हातच लावला नाही. मढ्याला पावडर लावली म्हणून ते उठून बसत नाही, असं तो म्हणाला आणि दुकानदार पहिल्यांदा हसला. मग थोरल्यानं पहिला उभा धरून तळहातानं दाबला. कंबरेतून कळ गेली तरी दाबला. दांडी जड जड आत गेली आणि हात काढल्यावर सावकाश, एका चालीनं वर आली. दुसरा त्याच्या मानानं हलका होता. तोही आत गेला, तोही वर आला, पण त्याच्यात ती ऐट नव्हती.

"हलका चालतो का?" थोरल्यानं विचारलं.

"चालतो. कंपनीच्या एवढा टिकणार नाही. पण चारही घ्या, एकसारखे बसतील. जेवढ्यात कंपनीचे दोन येतात तेवढ्यात हे चार येतात."

खरा प्रश्न एवढाच होता, आणि तो काउंटरवर आडवा पडलेला होता. थोरला बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला स्वस्त वस्तूचा राग होता. आयुष्यभर स्वस्त चपला, स्वस्त टायर, स्वस्त औषधं घेऊन तो एवढंच शिकला होता की गरिबाला स्वस्त वस्तू दोनदा घ्यावी लागते. चार भिकार घेण्यापेक्षा दोन चांगले घ्यावेत, यात चूक काढायला जागा नव्हती.

"कंपनीचेच द्या, दोन," तो म्हणाला.

"पुढची जोडी देऊ का मागची?"

"एक पुढचा, एक मागचा."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर आणला. "ही जोडीनं बदलायची वस्तू आहे. पुढचे दोन, नाहीतर मागचे दोन."

"आमच्या रस्त्याला तसं नाही चालत," थोरला म्हणाला. दुकानदारानं तो रस्ता पाहिला नव्हता. मागे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यानं खांदे उडवले आणि खोकी वरून काढली.

बसवायचं काम घरीच केलं. थोरला खाट गाडीपाशी ओढून घेऊन बसला आणि धाकटा खाली घुसला. जुने बोल्ट गंजून हाडाला हाड धरावं तसे धरले होते. डिझेल ओतलं, वाट पाहिली, पान्याला लोखंडी नळी अडकवून दोघं नवरा-बायको तिला लोंबकळली. गंजाचे पोपडे धाकट्याच्या डोळ्यांत पडत होते आणि थोरला वरून सांगत होता, डावीकडे नाही, तुझ्या उजवीकडे, रबर आधी, वायसर मागून. धाकटा एकदाही म्हणाला नाही की दिसतंय मला. जुना शॉकअप निघाला तेव्हा त्याची दांडी पिचकारीसारखी आतबाहेर होत होती. थोरलीनं तो उचलून फुटक्या लाद्यांच्या ढिगावर टाकला.

संध्याकाळी थोरल्यानं गाडीच्या दरीकडच्या अंगावर भार टाकून पाहिला. गाडी खाली गेली, वर आली आणि गप उभी राहिली. त्याला फार बरं वाटलं. डोंगराकडच्या अंगावर त्यानं भार टाकला नाही. तिथे काय होणार ते माहीतच होतं.

पहिली खेप चांगली गेली. धाकट्यानं गाडी जपून नेली, पेंढाही जास्त घातला होता, आणि मालकानं टिचक्या मारून मारून एकच लादी बाजूला काढली. दुसरी खेप त्याहून बरी. गाडी आता रेड्यासारखी उड्या मारत नाही, असं धाकटा जेवताना म्हणाला आणि भावाकडे बघून हसला. थोरल्यानं ताटातून मान वर केली नाही, पण त्या दिवशी त्यानं पुन्हा वाढून घेतलं.

बोलली ती धाकटी.

"पन्हळीच्या वळणाला ब्रेक मारला की गाडी दरीकडे ओढते," ती म्हणाली.

पन्हळीचं वळण म्हणजे उतारावरचं शेवटचं मोठं वळण. तिथे रस्ता सगळ्यात जास्त उखडला होता.

"नवीन आहेत. बसतील हळूहळू," थोरला म्हणाला.

"आधी ओढत नव्हती. आधी नुसती उडायची."

"तुला स्टिअरिंग कधीपासून कळायला लागलं?"

हे थोरला तिला लागेल असंच बोलला. धाकटा काहीतरी म्हणेल असं थोरलीला वाटलं होतं. तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. धाकटीनं पाण्याचा तांब्या उचलून आत नेला आणि पुढे चार-सहा दिवस तो विषय निघाला नाही. पण रोज गाडी घरासमोर येऊन थांबली की ती उतरून पुढच्या चाकाकडे बघायची, आणि तिचं बघणं थोरला खाटेवरून बघायचा.

मग एका सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात लाद्या धरायचे चामड्याचे तुकडे. "दादा, एकदा तुम्ही बसून या," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात गाडी ठीक आहे, की मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

थोरलीनं नवऱ्याचा पट्टा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणजे घरात आधीच ठरलं होतं.

तो गेला. चढताना प्रत्येक खड्डा त्याच्या पाठीला नाव घेऊन हाक मारत होता. खाणीवर दोघं लाद्या चढवेपर्यंत तो सावलीला उभा राहिला, कारण बसलं तर उठता येईना. उतरताना धाकटी मध्ये बसली आणि तो डोंगराकडच्या खिडकीशी. बराच वेळ सगळं ठीक होतं. धूळ समोरच्या काचेवर पिठासारखी येऊन बसत होती. पन्हळीच्या वळणाच्या अलीकडे धाकट्यानं गिअर पाडला आणि गाडी रांगायला लावली.

"ब्रेक लाव. बघू दे," थोरला म्हणाला.

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं आणि पाय दाबला.

थोरल्याच्या बुडाखालचं चाक थडथड नाचायला लागलं. ते जमिनीला लागत नव्हतं, नुसतं टेकत होतं आणि उडत होतं. पलीकडचं, दरीकडचं चाक मात्र जमिनीला चिकटून होतं. जे चाक जमिनीला चिकटतं तेच थांबतं, आणि जे उडतं ते पुढे पळतं. गाडीचं नाक सरळ दरीकडे वळलं. धाकट्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून धरलं, खांद्यापर्यंतच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि पन्हळ संपल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर आली.

थोरल्याला कळलं. त्या रस्त्यावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. चारही मेलेले होते तेव्हा गाडी चारही चाकांनी सारखी उडत होती. त्यानं एक अंग जिवंत केलं होतं आणि एक मेलेलंच ठेवलं होतं. दुकानदार जोडी म्हणाला होता ते यासाठी. स्वस्तातले चार घेतले असते तर हे झालं नसतं.

"कळलं का काही, दादा?" धाकट्यानं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. लहानपणी अंधारात काही वाजलं की तो असंच विचारायचा.

थोरल्यानं काचेतून समोर पाहिलं. धाकटी त्याच्याकडे बघत होती ते त्याला न बघता कळत होतं. गोदामाचे पैसे आठवड्याभरात हातात पडणार होते. ते आले की तो गुपचूप उरलेले दोन आणणार होता, झाकली मूठ झाकलेली राहिली असती, आणि धाकटीपुढे मान खाली घालायची वेळ आली नसती. आठवडा तर आठवडा.

"रस्ताच तसा आहे," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं. धाकटी शब्दाची पक्की निघाली, तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

पुढचे दिवस थोरल्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. उतरणाऱ्या गाडीचा आवाज तो पहिल्यापासूनच ऐकायचा, पण आता ऐकताना खाटेची दोरी मुठीत धरायचा. पन्हळीच्या वळणाला आवाज क्षणभर डोंगराआड जायचा. तो पुन्हा ऐकू येईपर्यंत याची मूठ सुटायची नाही. जप रे, असं तो सकाळी धाकट्याला म्हणायचा, आणि धाकटा हो म्हणायचा. त्याहून जास्त काही त्याच्या जिभेवर यायचं नाही. एकदा आलं होतं. गाडी सुरू झाली होती, त्यानं हातही वर केला होता. धाकट्याला वाटलं निरोपाचाच हात आहे, त्यानंही हात हलवला आणि गाडी निघाली.

मालक खूश होता. लाद्या धड येत होत्या. एक मोठं काम निघालं आणि त्यानं लांब, जाड लाद्या मागवल्या, नेहमीच्या भारापेक्षा भारी. ही खेप नीट आली तर वर्षभर गाडी बांधून घेतो, असं तो यावेळी थेट धाकट्याला म्हणाला. घरात आनंद झाला. पैसे या खेपेनंतर मिळणार होते. एवढी एक खेप जाऊ दे, असं थोरला मनात म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ऊन कलायला लागलं होतं. वारा पडला होता आणि धूळ उठली तिथेच लटकत होती. थोरल्याला गाडीचा आवाज वरच्या वळणावर आला, मधल्या वळणावर आला, मग डोंगराआड गेला. तो ऐकत राहिला. थोरली दाराशी धान्य पाखडत होती. सुपाचा आवाज नको म्हणून त्यानं तिला हातानं थांबवलं. मग दोघंही ऐकत राहिली.

खूप वेळानं एक गाडी आली, धावत आल्यासारखी. भोंग्याची होती. त्यानं हॉर्न दिला नाही. गाडी थांबायच्या आधीच थोरली उभी राहिली होती.

पिकअप पन्हळीच्या वळणाला खाली गेली होती. फार खाली नाही. मध्ये एका मोठ्या खडकानं ती अडवली. पण ती थांबली तरी लाद्या थांबल्या नाहीत. त्या दोरी तोडून पुढे सरकल्या आणि केबिनची पाठ फोडून आत आल्या. धाकटी डोंगराकडच्या दारातून बाहेर फेकली गेली, तिचा खांदा मोडला. धाकट्याला काढायला खाणीवरची माणसं यावी लागली. त्या जाड लाद्या त्यांनी एकेक करून हातांनी उचलल्या. दवाखान्यात त्याचा एक पाय मांडीपासून काढला, तेव्हा तो वाचला.

दवाखान्यात, घरी, रस्त्यावर, जो भेटेल तो थोरल्याला एकच सांगायचा. तू वेळेवर दरीची बाजू नवी केलीस म्हणून भावाचा जीव राहिला. नाहीतर गाडी पार तळाला गेली असती. माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवून हे सांगायची. थोरल्याला वाटायचं, एकानं तरी कानाखाली वाजवावी. धाकटी वाजवेल असं वाटलं होतं. ती गळ्यात हात अडकवून घरातलं होईल ते करायची, त्याच्यासमोर ताट ठेवायची, पाणी ठेवायची. तिच्या तोंडून एक शब्द आला नाही.

गाडी मोडीत गेली. मोडवाल्यानं जे घेतलं नाही ते भोंग्यानंच घरी आणून टाकलं. त्यात ते दोन शॉकअप होते. धूळ पुसली तर अजून नवे दिसत होते, कंपनीचा कागदही निघाला नव्हता.

धाकट्याला घरी आणल्यावर काही दिवसांनी भोंगा भेटायला आला. धाकटा आतल्या खोलीत, दाराजवळच्या खाटेवर पडलेला असायचा. थोरला त्याच्या पायथ्याशी बसला होता. भोंगा इकडचं तिकडचं बोलला, डॉक्टरला शिव्या दिल्या, चहा प्यायला. मग आडून आडून मुद्द्यावर आला. त्याच्या गाडीचेही शॉकअप गेले होते. गाडी एकाच कंपनीची. थोरल्याकडे ते दोन पडूनच आहेत, तर द्यावेत, काय असेल ते तो देईल.

"दरीच्या बाजूला टाकतो," भोंगा म्हणाला. "लाभलेले आहेत ते."

"दे त्याला, दादा," धाकटा उशीवरून म्हणाला. "मला राखलं, त्यालाही राखतील. त्याच्या घरात तर मोप माणसं आहेत."

धाकटी दारात उभी होती. तिनं थोरल्याकडे पाहिलं. त्या दिवशी गाडीत पाहिलं होतं तसंच.

"देणार नाही," थोरला म्हणाला.

भोंग्याला वाटलं भाव वाढवतोय. त्यानं मान तिरकी केली.

"भोंग्या, एका अंगाला टाकू नकोस. दुकानात जा, स्वस्तातले घे, पण चारही सारखे घे. एक अंग नवं आणि एक मेलेलं असलं की ब्रेक मारल्यावर गाडी नव्या अंगाकडे फिरते. आमची तशीच फिरली. दरीनं नाही ओढली, मी ढकलली."

"कायतरी बोलू नकोस. दुःखानं बोलतोयस तू. सगळे तसंच करतात."

"सगळ्यांनी टायर तसे केले. शॉकअप मी केले." थोरल्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरले. पुढचं वाक्य त्याला उभ्यानं बोलायचं होतं, पण पाठ उठू देईना. "आणि मला आधी कळलं होतं. मी बसून आलो त्या दिवशीच कळलं. मला लाज वाटली म्हणून मी रस्त्याला नाव ठेवलं."

भोंगा उठला. दारापर्यंत जाऊन एकदा वळला. बाहेर जाऊन तो आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

धाकटा छताकडे बघत होता. थोरला वाट बघत राहिला. तो ओरडेल, रडेल, हाताला लागेल ते फेकून मारेल. त्यातलं काहीही चाललं असतं.

"हिनं सांगितलं ना, तेव्हापासून त्या वळणाला मी ब्रेक लावणं सोडलं होतं," धाकटा म्हणाला. आवाज साधाच होता, जेवताना दिवसभराचं सांगायचा तसा. "पहिल्या गिअरमध्ये रांगत उतरायचो. उशीर व्हायचा, मालक बोलायचा, तरी रांगतच यायचो. मग तू बसून आलास. मला वाटलं, दादानं बघितलंय आणि रस्ताच तसा आहे म्हणाला, म्हणजे गाडी ठीक असणार. दुसऱ्या दिवसापासून मी ब्रेक लावायला लागलो."

थोरला खाटेकडे बघत होता. एका पायाचा उंचवटा चादरीखाली दिसत होता आणि त्याच्या शेजारी चादर सपाट पडली होती. धाकटी आत आली आणि चांगल्या हातानं तिनं ती चादर नीट ओढून घेतली.